आटे जुळवणारा माणूस

घोडेगावच्या बाजारात शेतकरी एक इंची लोखंडी पाइप एका दुकानातून घेतो आणि सॉकेट दुसऱ्या. पाइप एका कारखान्यात बनलेला, सॉकेट भलत्याच राज्यातले. दोघांची पहिली भेट होते ती घोड नदीकाठच्या एखाद्या विहिरीवर. मिस्त्री सुतळीला सफेदा फासतो, पान्याने वेढे आवळतो, मोटर सुरू होते आणि सांध्यातून थेंब गळत नाही. पाहता क्षणी स्थळ जुळावे, तसा हा प्रकार. पण ही पत्रिका जुळवली कुणी? शोधत गेले, तर वाट मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थपाशी येऊन थांबते.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी त्याला मामा-काकांच्या रिवाजाने आप्ताच्या सूतगिरणीत चिकटवून देण्यात आले. पुढेमागे पोरगा गिरणी सांभाळील, ही घरच्यांची अपेक्षा. पोराचे लक्ष मात्र सुतात नव्हते, सूत काढणाऱ्या यंत्रात होते. एके दिवशी तो तिथून निसटला आणि मँचेस्टरात साधा कारागीर म्हणून राबू लागला. १८२५ साली लग्न केले आणि मग लंडन गाठून हेन्री मॉडस्ले या नामांकित यंत्रकाराच्या कारखान्यात काम धरले.

तिथे त्याला एका साध्या प्रश्नाने पछाडले. लोखंडी पाटी अगदी सपाट आहे, हे ओळखायचे कसे? दोन पाट्या एकमेकींवर घासून पाहाव्यात, तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या गुण्यागोविंदाने बसतात. दोघी मिळून फसवतात. म्हणून तिसरी पाटी हवी. तिघी आलटून पालटून एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तरच तिघी सपाट. रंग लावून उंचवटे शोधायचे आणि ते हत्याराने हलकेच खरवडायचे, ही रीत त्याने पक्की केली. दोघांच्या खरेपणाला तिसरा साक्षीदार लागतो, हे सूत्र पुढे त्याच्या साऱ्या कामात दिसते.

१८३३ साली मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना थाटला. त्या काळी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. बोल्ट हरवला, तर मूळ कारागिराचे पाय धरायचे. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे, तेही ठरलेले. सरकारी सक्ती नव्हती. सोय पटत गेली आणि दोन दशकांत ही पद्धत सर्वत्र रुळली.

मोजमापाचा त्याचा हव्यास तर विलक्षण. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने इंचाचा दहा लक्षांश भाग दाखवणारे यंत्र मांडले. त्यातला मुख्य स्क्रू इंचाला वीस आट्यांचा, त्यावर दोनशे दात्यांचे चाक आणि ते फिरवणाऱ्या तबकडीवर अडीचशे रेषा. गुणाकार करून पाहा, दहा लाख भरतो. डोळ्याला न दिसणारा फरक स्क्रूने मोठा करून दाखवायचा, ही त्यातली युक्ती.

आपल्या पाइपाच्या आट्यांचे मोजमाप याच युक्तीवर चालते. हे आटे टोकाकडे निमुळते होत जातात. १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने बदलतो, म्हणून घट्ट आवळले की पाणी अडते. अशा आट्यांचा व्यास नेमका कुठे मोजणार? तो जागोजागी वेगळा. म्हणून कारखान्यात पाइपावर कडीसारखे पोलादी गेज हाताने फिरवतात. ते घट्ट बसले की पाइपाचे टोक गेजवरच्या दोन पायऱ्यांच्या मधे यायला हवे. एक इंची पाइपाला एक आटा म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर. गेज एक वेढा जास्त गेले, तर व्यास फक्त ०.१४ मिलिमीटरने कमी आहे. व्यासातली चूक लांबीत सोळापट होऊन समोर येते. मात्र निमुळतेपणाच चुकला, तर गेज मोजक्याच आट्यांवर टेकते आणि तरीही ठीक दिसते. म्हणून कोन आणि उतार वेगळे तपासावे लागतात.

पाइपांच्या आट्यांचे ब्रिटिश मानक १९०५ साली निघाले. ते पाहायला व्हिटवर्थ नव्हता, पण कोन त्याचाच ५५ अंशांचा होता. आपल्या भारतीय मानक ५५४ मध्येही तोच आहे.

माणूस हट्टी होता. त्याने षट्कोनी नळीची बंदूक बनवली. नेमबाजीत ती सरस ठरली, तरी ब्रिटिश सरकारने ती स्वीकारली नाही. ती अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हाती गेली. जोडण्यासाठी कमावलेली अचूकता मारण्याच्याही कामी आली, हे त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. संसारही जुळला नाही. पहिल्या पत्नीपासून तो दुरावला, पुढे दुसरे लग्न झाले, मूल नव्हते. पण १८६८ साली त्याने कारागीर तरुणांसाठी दरसाल शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट एवढीच, की हात आणि पुस्तक दोन्ही यायला हवे. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्याचे निधन झाले. मागे राहिलेली संपत्ती मुख्यतः मँचेस्टर परिसरातल्या शिक्षणाला आणि लोकोपयोगी कामांना लागली.

पाइप आणि सॉकेट एकमेकांना कधी भेटलेले नसतात. दोघेही फक्त आपापल्या गेजला भेटलेले असतात, आणि त्या गेजचे माप एकच असते. अनोळखी माणसांच्या व्यवहारातही विश्वास असाच उभा राहतो. तराजू, मोजपट्टी, कायदा यांपुढे दोघांनी आधी खरे उतरावे लागते. मग गळती होत नाही.