उशीच्या अभ्र्यात अडकलेली धूळ

जेम्स मरे स्पँगलर वयाच्या ५८व्या वर्षी रात्रपाळीला दुकान झाडत होता. साल १९०७, गाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कँटन. झॉलिंजर नावाच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधलं शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडलं की त्याचं काम सुरू व्हायचं. गालिचे साफ करायला त्याला एक हातगाडीसारखं ढकलायचं यंत्र दिलेलं होतं. चाकं फिरली की खालचा ब्रश फिरायचा आणि कचरा आतल्या डब्यात पडायचा. कचरा म्हणजे दिसतो तो कचरा. न दिसणारी बारीक धूळ मात्र हवेत उडायची आणि थेट स्पँगलरच्या छातीत जायची. त्याला दमा होता.

दम्यात फुफ्फुसातल्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि हळव्या झालेल्या असतात. धूळ, धूर, थंड हवा असं काही लागलं की त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साठतो आणि नळी अरुंद होते. हवा आत घेताना जेवढा त्रास होतो त्याहून जास्त ती बाहेर सोडताना होतो; छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो तो त्यामुळेच. आज या रोगावर रोज ओढायचे इनहेलर आहेत. १९०७ साली ते नव्हते. अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन नुकतं कुठे वापरात येऊ लागलं होतं. बाजारात दमेकऱ्यांसाठी धोतऱ्याच्या पानांच्या सिगारेटी मिळत. त्यातल्या द्रव्याने नळी थोडी सैल होते हे खरं, पण दम लागलेल्या माणसाला धूर ओढायला लावणारा तो उपाय होता.

काम सोडावं तर खायचं काय, असा हा प्रश्न होता. स्पँगलर मुळात झाडूवाला नव्हता, विक्रेता होता, आणि त्याहून जास्त म्हणजे डोक्यात सतत यंत्रं फिरणारा माणूस होता. १८८७ मध्ये त्याने धान्य कापणीच्या यंत्रातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. १८९३ मध्ये वाळलेलं गवत गोळा करून उलटंपालटं करणाऱ्या अवजाराचं घेतलं. १८९७ मध्ये पायाने चालवायच्या एका गाडीचं घेतलं. तीन पेटंटं पदरात होती, पण त्यांतून पैसा उभा राहिला नाही. पत्नी आणि तीन मुलांचा संसार. म्हातारपणी रात्रपाळीची झाडलोट पत्करावी लागली ती हौसेने नव्हे.

छातीचा त्रास कुठून येतो हे त्याने स्वतःच ओळखलं. हातातलं यंत्र कचरा उचलतं आणि धूळ उडवतं. तीस वर्षांपूर्वी हेच यंत्र एका दुकानदाराने केर काढणं सोपं व्हावं म्हणून शोधलं होतं. मिशिगनमधल्या मेलव्हिल बिसेलचं काचसामानाचं दुकान होतं, सामान भुशात बांधून येई, आणि तो भुसा गालिच्यातून काही केल्या निघत नसे. १८७६ मध्ये बिसेलने ढकलायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. झाडूच्या मानाने ते चांगलंच होतं. पण उडालेल्या धुळीला आत ओढून घेणारं त्यात काही नव्हतं.

आणि खरी अडचण त्या उडालेल्या धुळीचीच असते. धुळीचा कण जितका बारीक तितका तो हवेत जास्त वेळ राहतो. १० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत सुमारे आठ मिनिटांत खाली येतो. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी जवळपास बारा तास लागतात. घरातली हवा कधी स्थिर नसते, त्यामुळे प्रत्यक्षात हा काळ आणखी लांबतो. शिवाय मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. बारीक कणच फुफ्फुसात खोलवर पोचतात. सकाळी केरसुणी फिरवून घर लख्ख दिसतं, पण जमिनीवरून गेलेल्या धुळीतला बारीक भाग दुपारच्या जेवणापर्यंत नाकाच्या उंचीवर तरंगतच असतो.

हवेने धूळ ओढायची ही कल्पना स्पँगलरची नव्हती. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनीअरने ती प्रत्यक्षात आणली होती. हवेचा झोत मारून धूळ उडवणारं एक यंत्र त्याने पाहिलं आणि उलट केलं तर काय होईल असा विचार केला. तोंडावर हातरुमाल धरून त्याने खुर्चीच्या गादीतून जोरात श्वास ओढला, ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटलेला होता. बूथचं यंत्र चाललं, राजवाड्यातही गेलं. पण ते घोडागाडीवर बसवलेलं पेट्रोल इंजिन होतं. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. श्रीमंतांकडे ते बोलावलं जाई. रात्री एकट्याने दुकान झाडणाऱ्या दमेकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. त्याला एका माणसाला, तेही धाप लागणाऱ्या माणसाला, ढकलता येईल असं काहीतरी हवं होतं.

स्पँगलरने हाताशी असलेल्या वस्तू जोडल्या. एक डबा, एक छोटी विजेची मोटर, तिच्यावर पंखा, धरायला झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा. मोटरचा पट्टा पुढच्या ब्रशला जोडलेला. ब्रश गालिचा खरवडून धूळ मोकळी करणार, मागचा पंखा हवा ओढणार, हवेबरोबर धूळ अभ्र्यात जाणार, हवा कापडातून बाहेर पडणार आणि धूळ आत राहणार. यंत्र बेढब होतं, पण चाललं. मुख्य म्हणजे ते चालवणाऱ्याला ठसका लागेनासा झाला.

सप्टेंबर १९०७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि २ जून १९०८ रोजी ते मिळालं. आज दुकानात उभी केलेली कुठलीही दांड्याची व्हॅक्यूम पाहिली तर मांडणी तीच दिसते: पुढे ब्रश, मागे मोटर आणि पंखा, कुठेतरी धुळीची पिशवी किंवा डबा. बदल झाला तो दोन गोष्टींत. एक अभ्र्याच्या जागी, दुसरा वजनात. आणि आपल्याकडच्या फरशीच्या घरासाठी यंत्र निवडायचं तर नेमक्या याच दोन जागा पाहाव्या लागतात.

अभ्र्याची गोष्ट आधी. साध्या कापडाच्या विणीतून बारीक कण हवेबरोबर बाहेर निसटतात. स्पँगलरला फायदा झाला, कारण त्याच्या आधीच्या यंत्रात काहीच अडवणूक नव्हती. पण सगळ्यात बारीक धूळ त्याच्याही अभ्र्यातून बाहेर येतच असणार. आजच्या हेपा दर्जाच्या गाळणीची कसोटी ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात, आणि त्यातले किमान ९९.९७ टक्के कण तिने अडवावे लागतात. हा आकार मुद्दाम निवडलेला आहे, कारण याच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड असतात. पण गाळणी कितीही चांगली असली तरी यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर उपयोग नाही. म्हणून खोक्यावर नुसतं हेपा लिहिलेलं पुरेसं नसतं. सगळी हवा गाळणीतूनच बाहेर पडते का, यंत्र बंदिस्त आहे का, हे विचारावं लागतं. डबा रिकामा करतानाही धुळीचा ढग उठतोच. घरात दमेकरी असेल तर ते काम दुसऱ्याने, गॅलरीत किंवा घराबाहेर करावं. बंद होणारी कागदी पिशवी असलेलं यंत्र या बाबतीत उजवं, पण पिशव्यांचा खर्च चालू राहतो. धुता येणारी गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाही. पावसाळ्यात तिला दोन दिवसही लागतात आणि घाई केली तर बुरशीचा वास घरभर.

स्पँगलरचा ब्रश गालिच्यासाठी होता. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली धूळ खरवडून काढावी लागते. फरशीवर, टाइल्सवर, शहाबादीवर किंवा कोट्यावर धूळ वरच पडलेली असते; तिथे ताठ केसांचा वेगाने फिरणारा ब्रश तांदळाचे दाणे आणि खडे चहूकडे भिरकावतो. कठीण जमिनीला मऊ कापडी रोलर किंवा न फिरणारा, कडेला मऊ केसांची पट्टी असलेला चपटा ब्रश लागतो. काही यंत्रांत फिरणारा ब्रश बटणाने बंद करता येतो. तेही चालतं. गालिच्यासाठी लागते तेवढी प्रचंड ओढ फरशीला लागत नाही, म्हणून जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नसते. टाइल्सच्या फटींतली धूळ निघते का, पलंगाखाली डोकं आडवं जातं का, हे आकड्यांपेक्षा महत्त्वाचं. पलंगाखालीच तर धूळ सगळ्यात जास्त असते. आणि रांगोळी किंवा घरातल्या फोडाफोडीची सिमेंटची पूड यंत्राने ओढू नये. ती गाळणी लगेच बुजवते. उदबत्तीची धगधगती राख तर नाहीच नाही.

व्हॅक्यूमने दमा बरा होत नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं. धुळीतले सूक्ष्म किडे फरशीपेक्षा गाद्या, उशा आणि गालिच्यांत जास्त असतात. घर उघड्या फरशीचं असेल तर ओल्या फडक्यानेही धूळ न उडता निघते, आणि तो उपाय कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे. पण रोज वाकून पुसणं ज्यांना जमत नाही, गुडघे किंवा कंबर साथ देत नाही, त्यांच्यासाठी कोरडी झाडणी बंद करून यंत्र फिरवणं हा चांगला मार्ग आहे. अट एकच, ते यंत्र उचलवलं पाहिजे.

वजनाची गोष्ट सुरू होते ती विल्यम हेन्री हूवरपासून. पेटंटनंतर स्पँगलरने मित्रांकडून भांडवल घेऊन इलेक्ट्रिक सक्शन स्वीपर कंपनी काढली होती. घरातल्यांच्या मदतीने थोडी थोडी यंत्रं बनत होती, पैसा संपत होता. आणखी एका पेटंटाचं तेच व्हायची लक्षणं होती. त्याने ओळखीतल्या सुझन हूवर यांना यंत्र दाखवलं. त्यांनी घरी वापरून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं. हूवरचा धंदा घोड्यांच्या खोगिरांचा आणि चामड्याच्या सामानाचा. मोटारगाड्या येऊ लागल्या होत्या, खोगिरांचे दिवस मोजलेले आहेत हे त्याला दिसत होतं. १९०८ मध्ये त्याने पेटंट विकत घेतलं, चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात सहा माणसं बसवली आणि स्पँगलरला कामावर ठेवून विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर मानधन बांधून दिलं.

पहिलं मॉडेल ओ सुमारे १८ किलोचं होतं. आज ते कोणी हलकं म्हणणार नाही, पण बूथच्या घोडागाडीच्या मानाने ते घरात मावणारं होतं, आणि एकटं माणूस ते ढकलू शकत होतं. चाकांवर असल्याने ते उचलावं लागत नसे. जिना आला की मात्र पंचाईत. आज लिथियम बॅटरीवर चालणारी दांड्याची यंत्रं अडीच-तीन किलोंत मिळतात. तरी खोक्यावरचं वजन अर्धीच गोष्ट सांगतं. मोटर आणि डबा मुठीजवळ असेल तर जाळी काढायला ते सोयीचं, पण फरशीवर दहा मिनिटं फिरवताना सगळा भार मनगटावर येतो. तेच वजन खाली, जमिनीलगत असेल तर ते जमीन पेलते आणि हाताला फक्त ढकलणं उरतं. संधिवात असलेल्या माणसाने दुकानात ते एका हाताने मिनिटभर फिरवून पाहावं. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा मनगट लवकर सांगतं. बॅटरी जितकी मोठी तितकं यंत्र जड, म्हणून दोन खोल्यांच्या घराला तासभर चालणाऱ्या बॅटरीचा बोजा वाहायचं कारण नाही.

डिसेंबर १९०८ मध्ये हूवरने एका लोकप्रिय अमेरिकन साप्ताहिकात जाहिरात दिली: दहा दिवस घरी फुकट वापरून पाहा. पत्रं आली, आणि यंत्रं थेट न पाठवता त्या त्या गावातल्या दुकानदारामार्फत दिली गेली. दुकानदाराला कमिशन मिळालं आणि हूवरला फुकटात विक्रेत्यांचं जाळं. धंदा इतका वाढला की पुढे इंग्लंडमध्ये घर झाडण्याच्या क्रियेलाच लोक हूवर म्हणू लागले. यंत्र शोधणाऱ्याचं नाव त्यात कुठे राहिलं नाही.

स्पँगलर कारखान्यात काम करत राहिला, यंत्रात सुधारणा करत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा शोधातून पैसे येत होते. १९१५ च्या जानेवारीत त्याने कुटुंबासह फ्लोरिडाला जायचं ठरवलं. ती त्याची पहिलीच सुट्टी होती. निघायच्या आदल्या रात्री तो वारला. वय ६६. त्याच्या पेटंटाची मुदत १९२५ साली संपली, आणि तोपर्यंत विकल्या गेलेल्या यंत्रांवरचं मानधन त्याच्या घरी येत राहिलं.