सेवेची गोडी लावणारे पूज्य साने गुरुजी

आपल्या मानकोली नाक्यावरून जाणारा आग्रा रोड नाशिकवरून धुळ्याकडे जातो. धुळ्यापासून थोडे आत अमळनेर आहे. तेथील हायस्कुलात १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने हे एम. ए. झालेले तरुण शिक्षक रुजू झाले. जन्म कोकणात पालगड येथे, २४ डिसेंबर १८९९ चा. शिक्षण फार गरिबीत झालेले. यांनाच पुढे उभा महाराष्ट्र साने गुरुजी म्हणू लागला.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की गुरुजी खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे घडी करून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, कोणाचे मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घालीत. कोणास रागे भरणे नाही की दंड नाही. आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. आपले काम गुरुजी करतात हे पाहून मुलेच ओशाळली आणि हळूहळू केरसुणी स्वतः हातात घेऊ लागली. नुसत्या तोंडी उपदेशाने हे खचितच झाले नसते. रात्री जागून ते मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत आणि सकाळी ते वाचावयास लावीत. पगारातील पुष्कळसा पैसा गरीब मुलांच्या फीमध्ये जाई.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळे, नाशिक वगैरे ठिकाणी तुरुंगवास झाला. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातच लिहून झाली, हे सर्वश्रुत आहे.

१९४१ पासून राष्ट्र सेवा दलात शाळा-कॉलेजची शेकडो मुले येऊ लागली. गुरुजींचा जीव या मुलांत रमे.

आज आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार होत असता त्यांची पुढील हकीकत मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या काळी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना मज्जाव होता. वारीत चालावयाचे, पण देव बाहेरूनच पाहावयाचा! देवाच्या दारी असा भेद असावा, ही गोष्ट गुरुजींच्या मनाला फार लागली. त्यांनी प्राण पणास लावण्याचे ठरविले. पण आधी लोकांची मने वळावीत म्हणून कित्येक महिने महाराष्ट्रभर दौरा काढला. सेवा दलाची तरुण पोरे बरोबर. ती गाणी, पोवाडे म्हणत आणि गुरुजी लोकांची विनवणी करीत. या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे व पाणवठे आपण होऊन खुले केले.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. दहा दिवस अन्नाविना गेले. विरोध कडवा होता, खुद्द महात्माजींचाही प्रथम गैरसमज झाला होता, तरी गुरुजी ढळले नाहीत. अखेर बडवे मंडळींनी मान्यता दिली, उपोषण सुटले, आणि त्याच वर्षी पांडुरंगाचे दार सर्वांना उघडले.

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींची जीवनयात्रा संपली. सेवा दलाची मुले त्यानंतरही सुट्टीत खेड्यांत जाऊन श्रमदान करीत राहिली.