वाटाण्याच्या रोपाने उभा केला सिनेमा

धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे आपले दादासाहेब. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म; फोटोग्राफीचे धडे मात्र गिरवले बडोद्याच्या कलाभवनात. पुढे गोध्र्याला स्टुडिओ टाकला, पण प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं.

१९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण सिनेमाला पैसे द्यायला कोणी धजेना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोड्या थोड्या फ्रेम टिपल्या. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता झाली. ही छोटीशी फिल्म पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला.

'राजा हरिश्चंद्र'चं लेखन, दिग्दर्शन, संकलन दादासाहेबांचंच. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, फिल्म धुणं यात पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने राबल्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात. दागिनेही गेले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला.

१९४४ साली नाशिकला दादासाहेब गेले. त्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणताना सरस्वतीबाईंचं नावही घ्यायलाच हवं.