मिरजेची वाट : डॉ. विल्यम वॉनलेस यांचे जीवनकार्य

पानिपत हे नाव मराठी मनात पराभवाशी जोडलेले आहे. परंतु पानिपतास जाऊन काळा आंबच्या परिसरात उभे राहिले म्हणजे पराभवाइतकाच अंतराचाही विचार मनात येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे जे घायाळ झाले, त्यांची घरे शेकडो कोसांवर होती. महादजी शिंदे यांच्या पायाला जबर जखम झाली. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना रणभूमीपासून दूर नेले, म्हणून ते वाचले; पाय मात्र जन्मभर अधू राहिला. त्या प्रसंगी एका वाहून नेणाऱ्या माणसाने एका प्राणाचा, आणि पर्यायाने उत्तर हिंदुस्थानच्या पुढील राजकारणाचा, निर्णय केला.

आकस्मिक आजाराच्या उपचारांचा इतिहास हा बव्हंशी अशा अंतराचाच इतिहास आहे. विसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या अंतरावर विमानाचा उपाय शोधला. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांनी १९२८ साली ऑस्ट्रेलियातील क्लॉनकरी येथून वैद्यकीय विमानसेवा सुरू केली. १९४५ मध्ये अमेरिकेत मिशनरी विमानवाहतुकीची संस्था स्थापन झाली, आणि पुढे लॅटिन अमेरिकेतील व न्यू गिनीतील अरण्यांत लहानलहान धावपट्ट्या तयार झाल्या. मराठी मुलखात हाच प्रश्न विमानयुगापूर्वी एका प्रेस्बिटेरियन शल्यचिकित्सकापुढे उभा होता. फ्लिन यांचे पहिले विमान उडाले त्याच वर्षी, १९२८ मध्ये, तो मिरजेतील आपल्या कामातून निवृत्त झाला. त्याचे नाव विल्यम जेम्स वॉनलेस.

वॉनलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. न्यू यॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८८९ मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानात आले. त्यांचा आरंभ सांगलीतील एका लहान दवाखान्यापासून झाला. १८९४ मध्ये मिरजेस त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सांगली काय किंवा मिरज काय, दोन्ही पटवर्धन संस्थानिकांची गावे. अंतरही फार नाही. परंतु एका बाबतीत मिरजेची बरोबरी सांगलीस करता येत नव्हती. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेला होता आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही तेथेच येऊन मिळाला होता. सांगलीस रेल्वेचा फाटा पोहोचला तो १९०७ मध्ये.

या भौगोलिक तपशिलाचे महत्त्व वॉनलेस यांच्या चरित्रात फार मोठे आहे. विमानसेवेत वैद्य रुग्णाकडे जातो. मिरजेत रुग्ण वैद्याकडे येत असे. त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा नेहमीच सर्वांत बिकट असे. अडलेली बाळंतीण, अंतर्गळ पिळून वेदनेने तळमळणारा शेतकरी, झाडावरून पडलेले पोर यांना खेड्यातून बाजेवर किंवा बैलगाडीतून स्टेशनापर्यंत आणावे लागे. सुईण व वैदू यांचे उपाय थकल्यावर, अंगारेधुपारे झाल्यावर आणि पावसाळा असला तर ओढ्याचे पाणी ओसरल्यावर ही वाट सुरू होई. त्यानंतरची आगगाडी वेगाने जात असली, तरी गेलेली रात्र तिला परत आणता येत नव्हती. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्यास काही महिने थांबणे शक्य असते. अडलेल्या बाळंतिणीस ते शक्य नसते. वॉनलेस यांची कीर्ती मोतीबिंदूच्या व मुतखड्याच्या शस्त्रक्रियांमुळे दूरवर पसरली, यात त्यांच्या हस्तकौशल्याचा वाटा आहेच. पण हे रोग वाट पाहू देतात, हेही त्यामागचे एक कारण असावे. जे पोहोचले त्यांची नोंद रुग्णालयात झाली. जे वाटेत राहिले त्यांची नोंद कोठेही नाही, आणि या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांचे विस्मरण होता कामा नये.

या मर्यादेवर वॉनलेस यांनी काढलेला मार्ग हाच त्यांच्या जीवनातील सर्वांत दूरदर्शी निर्णय होय. १८९७ पासून त्यांनी मिरजेस एतद्देशीय तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. या वर्गांतूनच मिरजेचे वैद्यकीय विद्यालय आकारास आले. एकट्या शल्यचिकित्सकाचे दोन हात कितीही कुशल असले, तरी ते एका वेळी एकाच मेजापाशी असतात. त्याने शिकविलेले हात मात्र त्याच्यापासून दूर, वेगवेगळ्या दवाखान्यांतून एकाच वेळी काम करू शकतात. ज्या काळी दऱ्याखोऱ्यांवरून उडणारे यंत्र उपलब्ध नव्हते, त्या काळी अंतर कमी करण्याचा याहून टिकाऊ उपाय क्वचितच सापडला असता. विमान बिघडले म्हणजे सेवा थांबते. शिकलेला माणूस गावात राहिला तर सेवाही राहते. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत या विचाराची निकड वेगळी सांगण्याची गरज नव्हती.

वॉनलेस हे मिशनरी होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकाराला बाजूस सारता येत नाही आणि त्यांनी स्वतः ती कधी लपविली नाही. त्यांच्या दृष्टीने शस्त्रक्रिया आणि धर्मोपदेश ही एकाच कर्तव्याची दोन अंगे होती. उलटपक्षी, रुग्ण येत ते व्याधीतून सुटण्यासाठी. स्पर्शास्पर्शाच्या कल्पना दृढ असलेल्या समाजातील माणसे परधर्मीयाच्या हाती आपला देह सोपवीत, भूल घेऊन त्याच्यापुढे निश्चेष्ट पडत, आणि बरी होऊन आपापल्या देवाकडे नवस फेडावयास जात. या व्यवहारात दोन्ही पक्षांचे हेतू भिन्न होते, तरी विश्वास खरा होता. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांसारख्या चाणाक्ष राज्यकर्त्याचा या डॉक्टरांशी स्नेह जुळला, त्याचे मर्म यात शोधता येईल.

जेथे औषधापेक्षा समाजच रुग्णाची वाट अधिक अडवीत असे, अशाही रोगांकडे वॉनलेस वळले. १९०० साली मिरजेस कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान निघाले. पुढे सांगली व मिरज यांच्या दरम्यान मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. या रुग्णांना तातडीने कोठे पोहोचावयाचे नव्हते. त्यांना आपल्याच गावातून निघावे लागले होते आणि परतण्याची वाट त्यांच्यासाठी बंद होती. अंतराचे हे दुसरे रूप. ते कोणत्याही वाहनाने ओलांडता येत नाही. रुग्णास राहावयास जागा देऊनच ते थोडेफार कमी करता येते.

१९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. त्याच वर्षी, जवळजवळ चार दशकांच्या सेवेनंतर, ते अमेरिकेस परतले आणि रुग्णालयाची धुरा डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे गेली. १९३२ मध्ये हिंदुस्थानातील आपल्या कामाविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एका शब्दापाशी क्षणभर थांबावे. आरोग्यधामाच्या परिसराला लोक वानलेसवाडी म्हणू लागले. परक्या आडनावाचा उच्चार मराठी जिभेवर घडला, त्याला वाडी हा घरगुती शब्द जोडला गेला आणि एका परदेशी माणसाचे नाव आमच्या गावनावांत मिसळून गेले. किताब सरकारने दिला; ही वाडी लोकांनी दिली. ज्यांनी तो शब्द रूढ केला, त्यांतील पुष्कळांनी वॉनलेस यांचे पुस्तक वाचले नसणार. त्यांना ठाऊक होती ती तेथवर जाणारी वाट.

पानिपतावर राणेखान आला नसता तर महादजींची कर्तबगारी इतिहासाला दिसलीच नसती. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले आणि मोठ्या पदास चढविले. परंतु अशी गाठ पडणे हा योगायोग असतो, आणि ज्या घायाळांना राणेखान भेटला नाही, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. वॉनलेस यांच्या कार्याचा अर्थ असा की, त्यांनी या योगायोगाला व्यवस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न केला. रुळांनी जोडलेल्या गावी रुग्णालय उभारले, आणि जेथे रूळ जात नाहीत तेथे जातील अशी माणसे घडविली. डोंगराआडच्या पाड्यातून आजही एखाद्या रुग्णाला बाजेवर घालून खाली आणावे लागते. त्या बाजेचे दांडे ज्यांच्या खांद्यांवर असतात, त्यांना मिरजेच्या या डॉक्टरासमोरचा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही.