फाशीच्या शिक्षेविषयी बाबासाहेब
18 मे 2017 रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानात फाशी ठोठावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या शिक्षेस तूर्त स्थगिती दिली. आपण सारे आनंदलो. मायदेशातील फाशीच्या कैद्यांची आठवण मात्र किती जणांना झाली? आम्हांला त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवले.

वाशिम जिल्ह्यात 14 एप्रिलला गावोगावी त्यांची जयंती साजरी होते, पण त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. 1891 साली महू येथे जन्मलेले बाबासाहेब लंडनला बॅरिस्टर झाले आणि 1923 पासून मुंबईत वकिली करू लागले. खटल्यांत चूक कशी होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे. 3 जून 1949 रोजी घटना समितीत, फाशी झालेल्यास सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा काय, यावर चर्चा झाली. त्यापेक्षा ही शिक्षाच रद्द व्हावी, अहिंसा मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असे मत त्यांनी मांडले. तसे घडले नाही. मर्यादित अपील व राष्ट्रपतींचा दयेचा अधिकार तेवढा राज्यघटनेत आला.

2018 साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात बदल करून फाशी अमान्य ठरविली. बाबासाहेबांचे निधन 6 डिसेंबर 1956 रोजीच झाले होते.