तागाला पीळ दिला अन् लहर फिरली : जगदीशचंद्र बोस

आपण सोयाबीन भरतो ते बारदान तागाचं. त्याच तागातून जगदीशचंद्र बोस यांनी विज्ञान काढलं. जन्म १८५८, बंगाल. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजांपेक्षा कमी पगार ठरला, तर तीन वर्षं पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र चालू. शेवटी सरकारला पूर्ण पगार मागच्या थकबाकीसह द्यावा लागला.

१८९८ मध्ये त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून रेडिओ लहरी सोडल्या. लहरींच्या कंपनाची दिशा फिरली. पीळ उलटा, तर फिरणंही उलटं! म्हणजे वस्तूची घडणच लहर वळवते. आजच्या मेटामटेरियलचं मूळ अनेक जण इथं मानतात. त्यातली धातूची बारीक कडी ठरावीक टेराहर्ट्झ लहरीलाच घुमते. कणभर पदार्थ चिकटला की घुंगराला चिखल लागावा तसा नाद बदलतो, त्यावरून पदार्थाचा माग लागतो.

बोस १९३७ मध्ये गिरिडीहला वारले.