डॉ. राल्फ बंच : प्रबंधातून सनदेकडे

परराष्ट्र धोरण फक्त मंत्र्यांच्या दालनात ठरते, हे आम्हाला मान्य नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या आजीचा हा नातू रोझेनवाल्ड निधीच्या शिष्यवृत्तीवर आफ्रिकेत गेला. दाहोमी ही फ्रान्सची उघड वसाहत. शेजारचा टोगो राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचा. कागदावर मोठा फरक, रयतेच्या जगण्यात फारसा नाही, हे त्याने हार्वर्डच्या प्रबंधात दाखवले आणि १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तोच अभ्यास १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कामी आला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील विश्वस्त प्रदेशांच्या कलमांचा मसुदा करणाऱ्यांत बंच होते. मसुद्याची किंमत आम्हा वकिलांना विचारा! १९४९ मध्ये अरब-इस्रायल शस्त्रसंधी, १९५० मध्ये नोबेल. पण १९४९ मध्येच ट्रुमन यांनी देऊ केलेले परराष्ट्र खात्यातील सहायक मंत्रिपद त्यांनी नाकारले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळ्यांची वस्ती, शाळा वेगळी होती.